एका तारेचा इतिहास

लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या खालच्या तोंडावर मढवलेले चामडे आणि चामड्याच्या मध्यातून निघून बाजूच्या काठीवरील खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. तुणतुण्याची घडण एवढीच. या तारेवर राग आळवता येत नाही. तिच्यातून अखंड आधारस्वर आणि लय मिळते. तरीही महाराष्ट्राच्या लोकगायनाच्या अनेक शैली तिच्या आधाराने वाढल्या. पोवाड्यात तिच्या जोडीला डफ असतो, तमाशात ढोलकी, तर गोंधळात संबळ.

जपानचे शामिसेन हे तीन तारांचे वाद्यही चामड्यानेच मढवले जाते. काबुकी नाट्यातील नागाउता, बाहुलीनाट्यातील गिदायू आणि उत्तरेकडील भटक्या अंध वादकांनी घडवलेली त्सुगारू या त्याच्या प्रसिद्ध शैली होत. त्या देशातही चामडे कमावणाऱ्या समूहांना अस्पृश्य लेखले जाई. वाद्य रंगमंचावर आणि ते घडवणारे हात वस्तीबाहेर, ही विसंगती आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना परकी वाटत नाही.

आपल्याकडे गावासाठी वाद्य वाजवणे हे अनेक ठिकाणी जातीने लादलेले काम होते. बाबासाहेबांच्या प्रेरणेने समाजाने मेलेली जनावरे ओढणे सोडले, तशी ही सक्तीही झुगारली. सक्ती नाकारताना समाजाने कला मात्र टाकली नाही. तमाशातील गण, गौळण, वग हा साचा आंबेडकरी जलशाने घेतला. पण गणातील देवस्तुतीच्या जागी बाबासाहेबांचे स्तवन आले आणि गौळण गळाली. महाडचा १९२७ चा संग्राम, नाशिकचा १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि शिक्षणाचे महत्त्व हे विषय निरक्षर श्रोत्यांपर्यंत तुणतुण्याच्या साथीने पोहोचले. नाशिकचे भीमराव कर्डक या चळवळीतील अग्रणी जलसाकार. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी पुढे गावोगाव फिरून भीमगीतांची परंपरा समृद्ध केली.

आज श्रीरामपुरात १४ एप्रिलची मिरवणूक निघते तेव्हा ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे गाण्याचे शब्दही ऐकू येत नाहीत. जलशात शब्द हाच प्राण होता आणि एक तार त्याला पुरेशी होती. आपल्या घरी एखाद्या आजोबांचे तुणतुणे अडगळीत असेल, आजीला जुनी जलशाची पदे पाठ असतील, तर ती वही-पेन घेऊन उतरवून घ्यावीत आणि शाळेत आणून द्यावीत, अशी माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे. ती मुलांना शिकवण्याचे काम आम्ही शिक्षक आनंदाने करू.