घाटातली ताकद: सुपरचार्जर की मूळ इंजिनातच सुधारणा?

पेट्रोल इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर ठरते. समुद्रसपाटीपासून 1000 मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे 9 टक्क्यांनी कमी होते. अकोले–राजूर–भंडारदरा रस्त्यावर चढ, भरलेली गाडी आणि किंचित विरळ हवा यांचा भार एकत्र येतो. तिथे उपयोगी पडतो तो कमी आरपीएमचा टॉर्क.

सुपरचार्जर हा क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. रूट्स किंवा स्क्रू प्रकारचा पंप कमी आरपीएमलाही दाब देतो. मात्र तो इंजिनाचीच थोडी ताकद खातो आणि दाबलेली हवा तापते. त्यामुळे नॉकिंगचा धोका वाढतो. इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवे ईसीयू ट्यूनिंग हा खर्च टाळता येत नाही. कॉम्प्रेशन रेशो जास्त असेल तर पिस्टनही बदलावे लागतात.

मूळ इंजिनातच सुधारणा, म्हणजे कॅमशाफ्ट, पोर्टिंग, हेडर यांची वाट सोपी, इंजिनावर ताणही कमी. पण अशी वाढ बहुधा वरच्या आरपीएमला मिळते, म्हणजे घाटात फारशी नाही.

वाट कोणतीही निवडली तरी कायदा पाहावा लागतो: मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरबदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.