धागा तुटला की माग थांबावा

वडिलार्जित धंदा जसा हाती आला तसाच सांभाळणे यात आपण व्यापारी मोठे भूषण मानतो. परंतु धंदा सांभाळणे म्हणजे त्यातील चुकाही सांभाळणे नव्हे. या बाबतीत जपानमधील एका सुताराच्या मुलाचे चरित्र आपणा कापड-व्यापाऱ्यांनी तरी अवश्य मनन करावे.

साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ सालचा. घरोघरच्या स्त्रिया हातमागावर किती कष्ट उपसतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. १८९१ मध्ये त्यांनी सुधारलेल्या लाकडी हातमागाचे पेटंट घेतले. पूर्वी ज्या कामात दोन्ही हात गुंतत, ते आता एका हाताने होऊ लागले. दुसरा कोणी तेवढ्यावर संतुष्ट झाला असता. साकिचींनी १८९६ मध्ये यंत्रमाग सिद्ध केला. आडवा धागा तुटला की तो आपोआप थांबे. पुढे उभ्या धाग्यासाठीही तशी योजना झाली, आणि १९२४ मध्ये चालू असतानाच धोटा बदलणारा स्वयंचलित माग तयार झाला. १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स या विख्यात ब्रिटिश यंत्रनिर्मात्यांनी त्याचे हक्क विकत घेतले. पहिल्या पेटंटापासून या मागापर्यंत तेहतीस वर्षे लोटली होती.

या यशाचे मर्म वेगापेक्षा थांबण्यात अधिक आहे. धागा तुटूनही माग चालत राहिला, तर पुढचे सारे कापड सदोष निघते.

आमच्याच दुकानातील गोष्ट सांगतो. कापड बोटभर कमी भरल्याची तक्रार एका गिऱ्हाइकाने केली. आम्ही क्षमा मागून तुकडा बदलून दिला. काही दिवसांनी दुसरे गिऱ्हाईक आले. त्याचेही समाधान केले. तिसऱ्या वेळी मात्र वडिलांनी विक्री थांबवली व मापाची फळी तपासली. मापाच्या खुणेचा खिळा वाकून आत सरकला होता! आम्ही उदारपणे भरपाई करीत होतो, आणि तोच खिळा प्रत्येक गिऱ्हाइकाला कमी माप देत होता. जे तक्रार न करता निघून गेले, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा?

म्हणून रोजमेळ जुळल्यावर वही लगेच मिटू नये. आज कोठे चुकले आणि का चुकले, हे दोन ओळींत लिहावे. आणि उद्याच्या बोहनीपूर्वी त्यातील एक तरी खिळा सरळ करावा.