किनारा सर्वांचा (भाग ७) : वाट कुठे उतरते?

वाळूच्या टेकड्यांवरच्या वेली आणि गवत वाळू कशी धरून ठेवतात, ते मागच्या भागात पाहिले. आज त्याच टेकड्या ओलांडून समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटांविषयी. सार्वजनिक किनाऱ्यावरच्या वाटा सुधारणे आणि तिथला अधिवास राखणे ही एकमेकांच्या मुळावर येणारी कामे आहेत, असे आपण सहसा धरून चालतो. वाट चांगली झाली की माणसे वाढणार आणि माणसे वाढली की पक्षी उठणार, असा तो हिशेब. हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. वाट किनाऱ्यावर नेमकी कुठे उतरते आणि उतरलेल्या माणसाला कोणत्या बाजूला वळवते, यावर पक्ष्यांचे बरेच काही अवलंबून असते. याचा अतिशय चोख पुरावा कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या कोल ऑइल पॉइंट या जागेवर मिळतो.

ही जागा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या राखीव निसर्गक्षेत्रांपैकी एक. शेजारीच विद्यार्थ्यांची दाट वस्ती आहे आणि पुळण सर्वांना खुली आहे. तिथे स्नोई प्लोव्हर नावाचा चिमणीहून जरासा मोठा, वाळूच्या रंगाचा पक्षी राहतो. आपल्याकडे हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर येणाऱ्या केंटिश चिखल्याचा तो अगदी जवळचा नातेवाईक. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत उथळ खळगा केला की त्याचे घरटे झाले. अंडीही वाळूसारखीच ठिपकेदार, त्यामुळे पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. पॅसिफिक किनाऱ्यावरचे हे पक्षी 1993 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहेत. केव्हिन लॅफर्टी या शास्त्रज्ञाने तिथे हिवाळ्यात विसावणाऱ्या पक्ष्यांना किती वेळा उठावे लागते, याची मोजदाद केली. सुट्टीच्या दिवशी दर 27 मिनिटांनी आणि एरवी दर 43 मिनिटांनी, असे उत्तर आले. साखळी सोडलेल्या कुत्र्यांचा त्यातला वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा होता. आणखी एक नोंद आपल्या विषयाला थेट भिडते : वाट जिथे पुळणीवर उतरते, तिथे पक्षी कमी होते. म्हणजे वाटेचे तोंड कुठे उघडायचे हे ठरवणारा माणूस, त्याला कल्पना असो वा नसो, पक्ष्यांनी कुठे बसायचे हेही ठरवत असतो.

2001 च्या सुमारास तिथे जो उपाय झाला, तो आपल्या योजनांच्या मानाने क्षुल्लक वाटेल. पुळणीच्या वरच्या भागाचा एक तुकडा साध्या अडसराने वेगळा केला, चालणाऱ्यांना पाण्याच्या बाजूने जायला लावले आणि समजावून सांगायला स्वयंसेवक उभे केले. पक्ष्यांना उठावे लागण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. सकाळी बाहेर बसलेले पक्षी माणसांची ये-जा सुरू झाली की स्वतःहून आतल्या बाजूला सरकू लागले. लावा पक्ष्याची अंडी ठेवून केलेल्या प्रयोगात संरक्षित भागाबाहेर अंडे तुडवले जाण्याचा धोका रोज 8 टक्के निघाला. आकडा किरकोळ वाटतो खरा. पण या पक्ष्याची अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. रोजचे 8 टक्के 28 दिवस लावून पाहा : शेवटी शाबूत राहण्याची शक्यता दहा टक्क्यांच्याही आत येते. अडसराआधी इथे वीण होत नव्हती. अडसरानंतर ती सुरू झाली आणि वर्षागणिक वाढत गेली.

यावर पहिला आक्षेप हक्काचा. सार्वजनिक पुळणीवर दोरी बांधणारे तुम्ही कोण? कॅलिफोर्नियाचा 1976 चा किनारा कायदा लोकांना समुद्रापर्यंत जाण्याची हमी देतो आणि संवेदनशील अधिवास राखायलाही सांगतो. कोल ऑइल पॉइंटला या दोन्ही गोष्टी साधल्या, कारण समुद्र कुणालाही बंद झाला नाही. ओल्या, घट्ट वाळूवरून चालणे तसेही सोपे असते. गमावले काय, तर कोरड्या वाळूच्या एका पट्ट्यावर पथारी पसरण्याची सोय. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मग वाटा सुधारताच कशाला, आहेत तशाच राहू द्या! पण आखलेली वाट नसली म्हणून लोक थांबत नाहीत, ते दहा वाटा पाडतात. तुडवण्याने होणाऱ्या हानीचा अभ्यास सांगतो की न मळलेल्या जागेचे सर्वाधिक नुकसान पहिल्या काही पावलांतच होते आणि नंतरच्या पावलांची भर त्या मानाने थोडी असते. म्हणून हजार माणसांना एका पक्क्या वाटेने नेणे हे शंभर माणसांना मोकाट सोडण्यापेक्षा बरे. तिसरी अडचण मात्र मान्य करायला हवी. दोरीने अंडी खाणारे कावळे अडत नाहीत, आणि समजावणारा माणूस नसेल तर माणसेही फारशी अडत नाहीत. ज्या योजनेत खुंटांसाठी पैसे आहेत पण माणसांसाठी नाहीत, ती फोटोपुरती योजना समजावी.

कोकणात हा नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. इथे पुळणीच्या वरच्या भागात होड्या ओढून ठेवतात, जाळी सुकवतात. तिथे दोरी कुठून न्यायची, हे आधी मच्छीमारांशी बोलूनच ठरायला हवे. पण जागा ठरवून राखण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी कुंपणाच्या आत सांभाळली जातात आणि पिल्ले समुद्राकडे निघाली की पाहुण्यांना दोरीमागे उभे करतात. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनेही वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या व पक्ष्यांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक वर्गात घातल्या आहेत. प्रत्यक्षात मात्र सुशोभीकरण म्हटले की वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटून पेव्हर ब्लॉक बसवायचे, ही रीत सुटत नाही. तुमच्या गावच्या किनाऱ्यासाठी असे काम मंजूर झाले, तर ग्रामसभेत आराखडा मागा, वाट पुळणीवर नेमकी कुठे उतरते ते पाहा, आणि हिवाळ्यात तिथे कोणते पक्षी बसतात याची नोंद झाली आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारा.