डीएमझेड : ढाल नव्हे, मधला विभाग
संस्थेचे संकेतस्थळ इंटरनेटवरून कोणालाही पाहता यावे, पण त्याच वाटेने कोणी वेतनाच्या किंवा ग्राहकांच्या नोंदींपर्यंत पोचू नये, यासाठी संगणक-जाळ्याचा जो वेगळा भाग राखला जातो, त्याला डीएमझेड (बाहेरचे व आतले जाळे यांमधील विभाग) म्हणतात. जुन्या वाड्यात परका माणूस ओसरीवर बसे, माजघरात जात नसे, तशीच ही रचना आहे.

हा विभाग सर्वांत सुरक्षित असतो, हा समज सर्रास आढळतो; प्रत्यक्षात येथील सर्व्हर कधीतरी हल्लेखोराच्या हाती पडेल, असे गृहीत धरूनच त्याची आखणी होते. खरे संरक्षण फायरवॉलच्या (ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांत असते : बाहेरून वेब-सर्व्हरच्या केवळ ४४३ क्रमांकाच्या पोर्टशी (सेवेच्या क्रमांकित प्रवेशमार्गाशी) संपर्क होतो, त्या सर्व्हरला आतल्या डेटाबेसकडे एकच ठरावीक मार्ग मिळतो आणि उरलेले सारे नाकारले जाते. हा एक मार्गही धोक्याचा असतोच, म्हणून डेटाबेसमध्ये त्या सर्व्हरला मोजकेच अधिकार देणे अत्यावश्यक ठरते.

अनेक घरगुती राउटरमध्ये याच नावाची सोय असते, मात्र तिचे काम जवळजवळ उलटे आहे. बाहेरून आलेले, अन्यत्र न वळवलेले सर्व संपर्क ती एका उपकरणाकडे पाठवते, आणि ते उपकरण बहुधा घरच्या जाळ्यातच राहत असल्याने, त्यात शिरलेल्याला शेजारचा संगणक थेट गाठता येतो.