रस्त्याकडेची शिरगणती

पुणे–अहिल्यानगर महामार्गावर रांजणगावच्या महागणपतीला जाणाऱ्यांची वर्दळ बारा महिने असते. त्यात औद्योगिक वसाहतीचे कंटेनर आणि कामगारांच्या बसची भर. गावात शिरणाऱ्या फाट्यांवर डांबर संपतं आणि शेताचा बांध सुरू होतो, त्यांच्या मधे काही फुटांची पट्टी उरते. तिथे नांगर फिरत नाही आणि मुद्दाम कुणी औषधाचा पंपही मारत नाही. रुई, तरवड, टाकळा, एकदांडी, टणटणी आणि मधूनमधून काँग्रेस गवत, असा तिथला पसारा. शेतकरी याला तण म्हणतो. पण ऊस-कांद्याच्या या पट्ट्यात फुलपाखरं, भुंगेरे आणि रानमाश्या यांच्या हक्काचं एवढंच रान शिल्लक आहे.

अशा जागी काय उडतं, काय रांगतं याची मोजदाद करायला पदवी लागत नाही. नेम लागतो. तो नेम घालून दिला अर्नेस्ट पोलार्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने. त्याच्या पद्धतीवर १९७६ साली ब्रिटनमध्ये फुलपाखरांची देशव्यापी गणना सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. वाट ठरलेली, चाल संथ आणि सारखी. डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्या चौकटीत दिसेल तेवढंच मोजायचं. चौकटीबाहेर कितीही दुर्मिळ फुलपाखरू भिरभिरलं तरी ते हिशेबात धरायचं नाही. जाळं नको, पकडापकडी नको. ऊन आणि वारा पाहून निघायचं आणि पुन्हा त्याच वाटेने जायचं.

ही शिस्त पुण्याला नवी नाही. पुण्यातले अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांनी पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या चार प्रकारच्या अधिवासांत ठरलेल्या वाटांवर फुलपाखरं मोजली. त्यावरचा त्यांचा निबंध १९९७ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’मध्ये आला. फुलपाखरांची चंगळ पावसाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला असते, हे त्यातून आकड्यांनिशी दिसलं. पुढे कुंटे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेले. तिथून चालणाऱ्या ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर देशभरातले हौशी लोक छायाचित्रं पाठवतात आणि जाणकार ती तपासून घेतात. २०२० पासून अनेक संस्था मिळून सप्टेंबरात ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा करतात. ज्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याला हा महिना परका वाटू नये.

तपासणी का लागते, ते रुईच्या एका झुडपापाशी थांबलं की कळतं. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू रुईच्या पानावर एकेक अंडं घालतं. त्याची काळी-पांढरी-पिवळी पट्टेरी अळी रुईचा चीक पचवून विषारी बनते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी या प्लेन टायगरचं हुबेहूब सोंग घेते. घाईत दोघांची नोंद एकाच नावाने होते. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असले तर प्लेन टायगर; वरच्या कडेला एकच ठिपका असला तर सोंगाडी मादी.

हिंग्यांकडेही असंच नीट पाहावं लागतं. बाजरीच्या कणसावरचे हे काळे-पिवळे भुंगेरे कणसं फुलोऱ्यात असताना खाऊन नुकसान करतात, म्हणून शेतकरी त्यांच्यावर खार खाऊन असतो. त्यांच्याच अळ्या मात्र जमिनीतली नाकतोड्यांची अंडी फस्त करतात. मोजणाऱ्याने दोन्ही बाजू ठाऊक ठेवाव्यात आणि हिंगा उघड्या हाताने चिरडू नये, कातडीवर फोड येतात. पहिल्या पावसानंतर मातीत दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा मात्र कीटकांच्या यादीत बसत नाही. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळ्यांच्या गोतातला.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय, याचं उत्तर जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहराने दिलं. तिथल्या हौशी कीटकअभ्यासकांच्या मंडळाने ६३ संरक्षित जागांवर एकाच प्रकारचे सापळे लावून सापडलेल्या कीटकांचं वजन टिपून ठेवलं. २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जग हादरलं. ब्रिटनमध्ये तर ‘बग्ज मॅटर’ मोहिमेतले लोक मोटारीची नंबरप्लेट पुसून निघतात आणि मुक्कामी पोचल्यावर तिच्यावर चिकटलेले कीटक मोजतात. २००४ च्या तुलनेत २०२१ मध्ये तो आकडा निम्म्याहून खाली आला होता.

या दोन्ही ठिकाणी कुणी नवलाचा कीटक शोधायला निघालं नव्हतं. नेहमीचेच कीटक नेहमीच्याच रीतीने मोजले, म्हणून घट दिसली. आपल्याकडे दुर्मिळ फुलपाखराच्या एका फोटोला कौतुक मिळतं आणि ‘आज काहीच दिसलं नाही’ ही नोंद कुणी करतच नाही. दहा वर्षांनी उपयोगी पडणार ती हीच शून्याची नोंद.

येत्या सप्टेंबरात आपल्या गावातली एक वाट निवडा. महामार्गाची कड नको, तिथे जिवाला धोका आहे. शाळेकडे किंवा मळ्याकडे जाणारा रस्ता पुरेल. तारीख, वेळ, ठिकाण आणि आकडा लिहा, ओळख पटत नसेल तर फोटो काढा. आणि पुढच्या वर्षी नव्या वाटेचा मोह टाळून त्याच वाटेने जा.