मधल्या थांब्यावर उतरताना

कोरियन प्रेक्षकांच्या बोलण्यात ‘हाचा’ हा एक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ वाहनातून खाली उतरणे. बसमधून आपल्या थांब्यावर उतरणारा प्रवासी ‘हाचा’ करतो आणि एखादी मालिका चार-सहा भाग पाहून सोडून देणारा प्रेक्षकही ‘हाचा’च करतो. या शब्दात अपराधाची छटा नाही. गाडी पुढे जाणार आहे, आपल्याला पुढे जायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे मात्र मालिका ‘अर्धवट सोडली’ असे म्हटले जाते आणि ‘अर्धवट’ या शब्दातच दोषारोप दडलेला असतो. ताटात वाढलेले टाकू नये, हाती घेतलेले तडीस न्यावे, हे संस्कार आपल्या घरांत खोलवर रुजलेले आहेत. अन्नाच्या आणि कर्तव्याच्या बाबतीत ते मोलाचे आहेतच. परंतु करमणुकीलाही तोच नियम लागू केला, की विश्रांतीचे रूपांतर नकळत कामात होते. आरोग्याच्या दृष्टीने या विषयाचा विचार करायचा तो याच कारणासाठी.

गेल्या काही वर्षांत कोरियन मालिका आपल्या घरांत चांगल्याच रुळल्या आहेत. कोणी त्या हिंदी आवाजात पाहते, कोणी खालच्या ओळी वाचत मूळ भाषेत. अनेक घरांत हे पाहणे रात्रीच होते. स्वयंपाकघर आवरले, मुले झोपली, वडीलधाऱ्यांची औषधे देऊन झाली, की मग जो एखादा तास हाती लागतो, तो त्या गृहिणीचा दिवसभरातला एकमेव स्वतःचा तास असतो. तो तास कशावर खर्च होतो, ही क्षुल्लक बाब नव्हे.

सोळा भागांचा हिशेब

कोरियन मालिकेचे एक मोठे सुख म्हणजे ती संपते. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ सोळा भागांत संपते, ‘रिप्लाय १९८८’ वीस भागांत. वर्षानुवर्षे चालणाऱ्या दैनंदिन मालिकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा आटोपशीरपणा मोहवतो. परंतु त्यामुळेच ‘एवढे पाहिले आहे, तर उरलेलेही पाहून टाकू’ हा विचारही लवकर बळावतो.

सोळा भागांची मालिका आणि प्रत्येक भाग सुमारे सत्तर मिनिटांचा धरला, तर एकूण वेळ होतो १८ तास ४० मिनिटे. सहाव्या भागाच्या शेवटी मालिका कंटाळवाणी वाटू लागली, तर त्या क्षणी सात तास खर्च झालेले असतात आणि ११ तास ४० मिनिटे शिल्लक असतात. गेलेले सात तास मालिका पूर्ण केली तरी परत येत नाहीत आणि सोडली तरी येत नाहीत. निर्णय करायचा आहे तो केवळ उरलेल्या वेळाचा. तरीही मन मात्र गेलेल्या तासांकडेच पाहत राहते.

अर्थशास्त्रात अशा न परतणाऱ्या खर्चाला ‘बुडीत खर्च’ म्हणतात. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या अभ्यासकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काहींना पूर्ण किमतीला आणि काहींना सवलतीत दिली होती. कोणाला कोणते तिकीट मिळावे, हे योगायोगावर सोपवले होते. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक अधिक प्रयोगांना हजर राहिले. नाटके सर्वांसाठी तीच होती. फरक होता तो खिशातून गेलेल्या पैशांचा. रात्रीच्या मालिकेत पैशांची जागा वेळ आणि झोप घेतात, इतकेच.

रताळे आणि सोडा

कोणती मालिका सोडावी हे ठरवायचे, तर आपल्याला काय आवडते हे आधी ओळखावे लागते. याबाबतीत कोरियन प्रेक्षकांनी मोठा मार्मिक शब्दसंग्रह घडवला आहे. नायक-नायिका एक वाक्य बोलले असते तर मिटला असता असा गैरसमज चार-चार भाग लांबला, की ते त्याला ‘गोगुमा’ म्हणतात. गोगुमा म्हणजे रताळे. उकडलेले कोरडे रताळे पाण्याशिवाय खाल्ल्यावर घशात कसे अडकते, हे उपवास करणाऱ्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको! उलट, अन्याय करणाऱ्याला भर सभेत सुनावले जाते, तो प्रसंग म्हणजे ‘साइदा’. हे तिकडचे लिंबाच्या चवीचे फसफसणारे पेय. घसा मोकळा करणारे. आणि अदलाबदल झालेली मुले, स्मृतिभ्रंश, असाध्य आजार, कारस्थानी सासू यांची खिचडी असलेल्या मालिकेला ‘माकजांग’ म्हणतात. हा शब्द आला आहे खाणीतून. बोगद्याचे अगदी शेवटचे टोक, ज्याच्या पुढे वाट नाही.

माकजांग आवडणे यात कमीपणा काहीच नाही. दिवसभराच्या थकव्यानंतर कोणाला असा भडक मसालाच हवासा वाटतो. मला स्वतःला रुचतात त्या मालिका, ज्यांत माणसे एकत्र जेवतात आणि त्यांचे काम खरोखर काम म्हणून दाखवले जाते. सोलमधील एका गल्लीत शेजारणींच्या घरांतून भाज्यांच्या वाट्या इकडून तिकडे फिरवणारी ‘रिप्लाय १९८८’ पाहताना चाळीतले दिवस आठवतात; ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’मधले पाच डॉक्टर मित्र शस्त्रक्रियांच्या गर्दीतून वेळ काढून वाद्ये वाजवायला जमतात, तेव्हा मनाला विसावा मिळतो. नायिकेचे मनगट धरून तिला ओढत नेणारा नायक मात्र दुसऱ्यांदा दिसला, की माझा थांबा येतो.

आपली आवड ओळखण्याची एक सोपी वाट आहे. नटांच्या चेहऱ्यांबरोबर लेखकाचे नावही लक्षात ठेवावे. कोरियात मालिका लेखकाच्या नावाने ओळखली जाते. ‘रिप्लाय १९८८’ आणि ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ या दोन्हींच्या लेखिका ली वू-जंग. ‘माय मिस्टर’ आणि ‘माय लिबरेशन नोट्स’ पार्क हे-यंग यांच्या, तर ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ आणि ‘क्वीन ऑफ टिअर्स’ पार्क जी-उन यांच्या. एका लेखिकेची एक मालिका मनाला भिडली, तर दुसरी निवडताना फसगत होण्याची शक्यता कमी असते.

संथ म्हणजे वाईट नव्हे

येथे एक सावधगिरी हवी. उतरण्याची घाई झाली, तर चांगला प्रवासही हुकतो. २०१८ सालची ‘माय मिस्टर’ सुरुवातीला अंधारी आणि उदास वाटते. कर्जाने पिचलेली, आजारी आजीला सांभाळणारी तरुणी आणि मनाने थकलेला मध्यमवयीन अभियंता यांची ही कथा आपला ओलावा हळूहळू उघड करते. २०२२ साली एका लहान वाहिनीवर आलेल्या ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू’च्या पहिल्या भागाला कोरियात जेमतेम ०.९ टक्के प्रेक्षकसंख्या लाभली होती. शेवटच्या भागापर्यंत ती १७.५ टक्क्यांवर पोहोचली. पहिल्याच भागावर निकाल देऊ नये, एवढे तरी यातून समजते.

याच्या उलट उदाहरण त्याच वर्षीच्या ‘रिबॉर्न रिच’चे. शेवटच्या भागाला २६.९ टक्के, म्हणजे त्या मालिकेला मिळालेली सर्वाधिक प्रेक्षकसंख्या होती. आणि मूळ कादंबरीपासून दूर गेलेल्या त्याच शेवटावर प्रेक्षकांनी सर्वाधिक नाराजी व्यक्त केली. शेवटपर्यंत थांबल्याचे फळ गोडच असते, असे नाही.

मग संथ आणि वाईट यांतला भेद कसा ओळखावा? संथ मालिकेत घटना कमी घडतात, पण माणसे उलगडत जातात. भाग संपल्यावर एखादे पात्र आपल्या मनात रेंगाळते. वाईट मालिकेत घटना पुष्कळ घडतात, पण माणसे जिथल्या तिथेच राहतात. पाहताना हात वारंवार मोबाइलकडे जाणे, प्रसंग पुढे ढकलत पाहणे, ‘आता किती भाग उरले?’ असे मोजणे, ही मन आधीच गाडीतून उतरल्याची लक्षणे होत.

झोपेचे देणे

बेल्जियममध्ये १८ ते २५ वर्षे वयाच्या ४२३ जणांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका बैठकीत अनेक भाग पाहणाऱ्यांची झोप कमी प्रतीची आणि थकवा अधिक असल्याचे त्यात आढळले. अंथरुणाला पाठ टेकल्यावरही मन जागे राहणे, कथेतच फिरत राहणे, हा या दोहोंमधला दुवा असल्याचे अभ्यासकांना दिसले. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. पहाटे डब्यासाठी उठायचे असेल, तर रात्री एक वाजता संपलेल्या भागाची किंमत दुसऱ्या दिवशी चिडचिड, डोकेदुखी आणि सुस्ती या रूपाने सारे घर चुकते करते. आवडत्या मालिकेसाठी एखादे दिवशी ती मोजली तर समजू शकते. न आवडणाऱ्या मालिकेसाठी ती का मोजावी?

काही मालिका उत्तम असूनही आपल्यासाठी नसतात, हेही मान्य करावे. ‘द ग्लोरी’मधील शाळकरी वयातला छळ किंवा ‘स्क्विड गेम’मधील हिंसा पाहून छाती धडधडत असेल, झोपेत तीच दृश्ये येत असतील, जुनी दुखणी वर येत असतील, तर साऱ्या जगाने वाखाणलेली मालिकाही बंद करावी. त्यात अरसिकपणा नाही. आणि अशी अस्वस्थता मालिका बंद केल्यावरही दिवसेंदिवस टिकली, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे.

घरासाठी काही पथ्ये

मालिका सुरू करताना पहिले दोन भाग केवळ ओळखीचे मानावेत. कोरियात अनेक मालिकांचे आठवड्याला दोन भाग दाखवले जातात. म्हणजे सोळा भागांचा प्रवास मुळात दोन महिन्यांचा. आपणही तो त्याच चालीने केला, तर थांबून विचार करायला अवसर मिळतो. चौथ्या भागानंतर स्वतःला विचारावे, ‘ही मालिका आज प्रथमच समोर आली असती, तर येथून पुढे पाहिली असती का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर निःशंकपणे उतरावे. शेवट जाणून घेण्याची उत्सुकता राहिलीच, तर पाहणाऱ्या मैत्रिणीला विचारावे. पाच मिनिटांत कथा कळते आणि गप्पाही होतात.

पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. भागाचा शेवट नेहमी उत्कंठेच्या टोकावर केलेला असतो. म्हणून झोपण्याची वेळ झाली, की भाग संपण्याची वाट न पाहता एखाद्या शांत प्रसंगाशी थांबावे. घरातील आजी-आजोबांना एखादी मालिका सोबतीसारखी वाटत असेल, तर ती आपल्याला कितीही रटाळ वाटो, तिची चेष्टा करू नये. आणि मुलांसमोर ‘ही मला आवडली नाही, म्हणून मी सोडली’ असे सहजपणे म्हणावे. अभ्यास आणि दिलेला शब्द तडीस न्यायचा असतो, करमणूक मात्र आपल्या मर्जीने निवडायची असते, हा विवेक त्यांना त्यातून उमगतो.

दिवसाकाठी मिळणारा तो एक तास कोणत्याही मालिकेचे देणे लागत नाही. मन रमले तर शेवटच्या थांब्यापर्यंत जावे. न रमले तर मध्येच उतरून, दिवा मालवून, शांत झोपी जावे.