फेटाळलेल्या निविदेने दाद कुठे मागावी?

सरकारी कंत्राटाच्या स्पर्धेत एकाच्या हाती कार्यादेश पडतो आणि इतरांच्या हाती बहुधा एका ओळीचे उत्तर: ‘तांत्रिक छाननीत अपात्र’. निविदा समितीवर काम केलेल्यांना या ओळीमागचा अवकाश ठाऊक असतो. एखाद्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा म्हणून एक निविदा बाद होऊ शकते. तीच त्रुटी सुधारण्याची मुभा दुसऱ्याला मिळू शकते. हा भेद न्याय्य होता का, हे तपासायचे कुणी?

तत्त्व जुनेच आहे. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या कंत्राटासंबंधीच्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात १९७९ साली न्या. भगवती यांनी स्पष्ट केले, की सरकारी यंत्रणेने घातलेल्या अटी तिच्यावरही बंधनकारक असतात. अनुभवाची अट पूर्ण न करणाऱ्याला कंत्राट देणे अयोग्य ठरले; पण याचिका उशिरा आली आणि तोवर कंत्राटदाराचा खर्च होऊन गेला होता, म्हणून ते रद्द झाले नाही. तत्त्व जिंकले, याचिकाकर्ता हरला.

पुढे ‘टाटा सेल्युलर’ (१९९४) निकालाने न्यायालयीन तपासणी निर्णयप्रक्रियेपुरती मर्यादित केली. ‘एन. जी. प्रोजेक्ट्स’ (२०२२) निकालाने तर पायाभूत कामांना स्थगिती देण्यापेक्षा नुकसानभरपाईचा मार्ग सुचवला. हा संयम समजण्याजोगा आहे. रखडलेल्या पुलाची किंमत अखेर जनताच मोजते. पण न्यायालये मागे सरत असताना त्यांच्या आधीची पायरी आपण बांधलीच नाही.

केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार निविदा फेटाळण्यास आव्हान देण्याची सोय असावी आणि विचारणा झाल्यास कारण सांगावे. तथापि हे आव्हान बहुधा त्याच खात्यापुढे जाते. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी विधेयकात तक्रार निवारण समित्यांची तरतूद होती. ते पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. तमिळनाडू, कर्नाटक व राजस्थान यांनी स्वतःचे कायदे करून अपिलाची वाट ठेवली. तमिळनाडूत मात्र ते अपील शासनाकडेच जाते. अमेरिकेत विधिमंडळाच्या अखत्यारीतील लेखा-कार्यालय अशा तक्रारी १०० दिवसांत निकाली काढते.

आपल्यालाही सकारण लेखी नकार, करार करण्यापूर्वी अल्प विराम, खात्याबाहेरचे कालबद्ध अपील आणि निरर्थक तक्रारींना आळा घालणारी अनामत हवी. अन्यथा लहान निविदाकार हळूहळू स्पर्धेतून बाहेर पडतील. निविदा घटल्या की दर चढतात, आणि ते चढे दर राजकोष भरतो.